परवान्याविना गाणं : प्राग, १९७६

कागदोपत्री तो कार्यक्रम व्याख्यानाचा असायचा. विषय अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहोल. वक्ता इव्हान मार्टिन यिरोउस, कला-इतिहासाचा पदवीधर, चित्रकारांच्या सरकारमान्य संघाचा सभासद, म्हणजे व्याख्यान द्यायचा रीतसर हक्क असलेला माणूस. दिवे मालवायचे, पडद्यावर चार स्लाइड्स यायच्या, यिरोउस वॉरहोलबद्दल काही मिनिटं बोलायचा. मग वॉरहोलच्या वर्तुळातलं संगीत कसं असतं त्याचं ‘उदाहरण’ म्हणून मागे उभी असलेली लांब केसांची पोरं वाद्यं उचलायची आणि पुढचे दोन तास न्यूयॉर्कच्या व्हेल्वेट अंडरग्राउंडची गाणी वाजवायची. उदाहरण संपलं की व्याख्यान संपलं.

ही १९७० नंतरच्या चेकोस्लोव्हाकियातली गोष्ट. पोरांच्या बँडचं नाव ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’. त्यांच्यावर तेव्हा बंदी नव्हती. ‘या बँडची गाणी गाऊ नयेत, वाजवू नयेत’ अशा अर्थाचा एकही आदेश निघालेला नव्हता. तसा आदेश काढायची त्या राज्यात गरजच पडत नसे. ती का पडत नसे, आणि तरीही १९७६च्या सप्टेंबरात चार माणसं हातकड्या घालून न्यायालयात का उभी राहिली, हे या प्रकरणात पाहण्यासारखं आहे. कम्युनिस्ट राजवटीतली सेन्सॉरशिप म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे लाल पेन्सिल घेतलेला कारकून येतो. इथे तो जवळजवळ दिसत नाही. दिसते ती परीक्षा समिती, नोंदणीचा कागद आणि शेवटी फौजदारी कायद्यातलं एक किरकोळ कलम.

बँड आधीचा, की रणगाडे आधीचे?

२१ ऑगस्ट १९६८ला वॉर्सा करारातल्या देशांच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या. पक्षप्रमुख दुब्चेकच्या सुधारणांचा, ज्याला जग ‘प्रागचा वसंत’ म्हणतं त्याचा, शेवट झाला. त्यानंतर महिन्याभरातच प्रागच्या ब्र्येवनोव्ह भागातल्या मिलान ह्लावसा नावाच्या सतरा वर्षांच्या मुलानं मित्रांना जमवून बँड काढला. ह्लावसा शिकला होता खाटकाचं काम, वाजवायचा बेस गिटार. बँडचं नाव त्यानं अमेरिकन संगीतकार फ्रँक झापाच्या एका गाण्यावरून उचललं. पुढे या बँडभोवती जी दंतकथा उभी राहिली तिच्यात असं सांगितलं जातं, की रणगाड्यांना उत्तर म्हणून या पोरांनी गिटारी हातात घेतल्या. तारखा तशा जुळतातही. पण स्वतः बँडवाले आयुष्यभर सांगत राहिले की आम्हाला राजकारणाशी देणंघेणं नव्हतं, आम्हाला फक्त आमचं वाजवायचं होतं. त्यांच्या गाण्यांत सरकारविरोधी घोषणा शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

एप्रिल १९६९मध्ये गुस्ताव हुसाक पक्षप्रमुख झाला आणि ज्याला सरकारी भाषेत ‘सामान्यीकरण’ म्हणत ते सुरू झालं. शब्द मोठा गोंडस. लाखोंना पक्षातून काढलं, प्राध्यापक बॉयलरच्या भट्ट्या सांभाळू लागले, पत्रकार खिडक्या पुसू लागले. संगीताच्या क्षेत्रात हे सामान्यीकरण परवान्याच्या वाटेनं आलं.

व्यवस्था अशी होती. पैसे घेऊन जाहीर कार्यक्रम करायचा तर वादकाला सरकारी समितीपुढे वाजवून दाखवावं लागे. चेक भाषेत या प्रकाराला ‘प्शेहरावकी’ म्हणत. समिती वाजवणं बघे, संगीताचं शास्त्र विचारी आणि थोडं राजकीय ज्ञानही तपासून घेई. पास झालात तर श्रेणी ठरे, श्रेणीप्रमाणे मानधन ठरे. मग सरकारी संस्थेमार्फत कार्यक्रम मिळत, सराव करायला जागा मिळे, चांगली वाद्यं आणि अॅम्प्लिफायरही तिच्याकडूनच मिळत. हौशी बँडलाही मोकळीक नव्हती. एखादा कारखाना, युवक संघटना किंवा क्लब असा कोणीतरी ‘संस्थापक’ पाठीशी असल्याशिवाय त्याला स्टेजवर पाय ठेवता येत नसे. शिवाय प्रत्येक कार्यक्रमाला स्थानिक राष्ट्रीय समितीची, म्हणजे तिथल्या प्रशासनाची, मंजुरी.

आपल्याकडे नाटकाची संहिता परीनिरीक्षण मंडळाकडे जाते, कुठे कात्री लागते, कुठे एखादा शब्द बदलून येतो. भांडण संहितेवर असतं, आणि संहितेवरचं भांडण लेखकाला निदान समजतं तरी. प्रागमधली समिती गाण्यापेक्षा माणसाला तपासत होती. परवाना असलेला वादक काय वाजवायचं आणि काय टाळायचं हे आपोआप शिकतो. त्याच्या गाण्यावर वेगळी पेन्सिल चालवावी लागत नाही. लांब केस कापा, इंग्रजी नाव बदला, इंग्रजी शब्द गाऊ नका, हे सगळं लेखी नसलं तरी सगळ्यांना ठाऊक असे. ‘ब्लू इफेक्ट’ नावाचा तेव्हाचा एक उत्तम बँड. त्याचं आधी चेकमध्ये ‘मोद्री एफेक्ट’ झालं आणि मग आणखी आखूड होऊन ‘एम. एफेक्ट’. निळा रंग झिजत झिजत एका अक्षरावर आला. त्या बँडला नावं ठेवण्याचं मला कारण दिसत नाही. त्यांनी वाजवणं चालू ठेवलं आणि चांगलं वाजवलं. बहुतेकांनी असंच केलं.

प्लास्टिक पीपलनी केलं नाही. १९७०मध्ये त्यांचा व्यावसायिक दर्जा गेला. दर्जाबरोबर सरकारी वाद्यं, अॅम्प्लिफायर, सरावाची खोली, सगळंच गेलं. बँडमधला योसेफ यानीचेक हाताचा कसबी होता. त्यानं जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंचे सुटे भाग जमवून अॅम्प्लिफायर बनवले. नंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये जो खरखरीत, घसा बसल्यासारखा आवाज ऐकू येतो आणि ज्याला परदेशी समीक्षकांनी ‘शैली’ म्हटलं, त्यातला बराच भाग या जुगाडाचा असावा असं मला वाटतं. परवाना काढून घेणाऱ्या कारकुनानं नकळत बँडचा नाद घडवला.

इथे एका गायिकेचा उल्लेख करायला हवा, कारण तिच्यावर जे शस्त्र चाललं ते या बँडवर चालण्यासारखं नव्हतं. मार्टा कुबिशोवा ही देशातली सगळ्यात लोकप्रिय गायिका. रणगाडे आले त्या दिवसांत तिचं एक प्रार्थनेसारखं गाणं घरोघर वाजत होतं. १९७०मध्ये तिचे म्हणून बनावट अश्लील फोटो पुढे आणले गेले आणि त्या निमित्तानं तिचे कार्यक्रम थांबले ते जवळजवळ वीस वर्षं. तिनं दाद मागितली, फोटो खोटे हेही स्पष्ट झालं, पण स्टेज काही परत मिळालं नाही. लोकप्रिय माणसाची अब्रू घेता येते. ज्यांना कोणी ओळखतच नाही आणि ज्यांना अब्रूची फिकीरही नाही, अशा पोरांचं काय घेणार?

‘अमेरिका’ नावाची खानावळ

परवाना नसलेल्या बँडला एकच जागा उरली होती: गावाकडच्या खानावळीचं मागचं दालन. तिथे लग्न होई, वाढदिवस होई, आणि लग्नात कोणी वाजवलं तर त्याला परवाना कोण विचारणार? निरोप तोंडी जायचा. गावाचं नाव शेवटपर्यंत फुटू द्यायचं नाही. आगगाडीनं जायचं, मग शेतातून, चिखलातून चालत.

३० मार्च १९७४ला दक्षिणेकडच्या चेस्के बुद्येयोवित्से शहराजवळ रुदोल्फोव्हला असाच एक जमाव निघाला. खानावळीचं नाव ‘अमेरिका’. शेकडो पोरं प्रागहून आणि इतर गावांहून तिथे पोचली आणि पोलीसही पोचले. प्लास्टिक पीपलना एक सूरही लावायला मिळाला नाही. जमावाला हाकत स्टेशनाकडे नेलं, भुयारी मार्गात लाठ्यांचा मार दिला, गाडीत कोंबलं आणि परत पाठवलं. नावं टिपून घेतली गेली. नंतर काही जण कॉलेजातून निघाले, काहींना शिक्षा झाल्या. ज्यांनी तो दिवस पाहिला ते त्याला ‘बुद्येयोवित्सेचं हत्याकांड’ म्हणत. कोणाचा जीव गेला नव्हता. पण सतरा-अठरा वर्षांच्या ज्या पोराला पहिल्यांदाच आपल्या पाठीवर आपल्याच सरकारची लाठी बसते त्याच्या शब्दांना मोजपट्टी लावण्यात अर्थ नसतो.

यिरोउसनं यातून काढलेला निष्कर्ष सरळ होता. मित्रमंडळीत त्याला ‘मागोर’ म्हणत, मराठीत ‘येडा’ म्हणावं तसं, आणि हा येडा या सगळ्यातला सर्वांत स्वच्छ डोक्याचा माणूस होता. फेब्रुवारी १९७५मध्ये त्यानं एक टिपण लिहिलं. ते टंकलिखित प्रतींतून हातोहात फिरलं. त्यातला गाभा असा: आपण सरकारी संस्कृतीच्या दाराशी ताटकळत उभं राहणं सोडून द्यावं. परवाना मागायचाच नाही, नाकारल्याबद्दल तक्रारही करायची नाही. त्या संस्कृतीच्या बाजूला आपली ‘दुसरी संस्कृती’ उभी करायची, जिला पहिलीकडून काही नको आहे.

आता सरकारच्या जागी बसून बघा. परवाना काढून घेणं हे शस्त्र चालतं कारण समोरच्याला परवाना हवा असतो. त्याला तो नकोच असेल तर हातात काय उरलं?

दुसऱ्या संस्कृतीचे ‘महोत्सव’ लग्नांच्या निमित्तानं भरले. पहिला १ सप्टेंबर १९७४ला पोस्तुपित्सेला. दुसरा २१ फेब्रुवारी १९७६ला बोयानोवित्सेला, आणि ते लग्न खुद्द मागोरचं होतं. नवरदेव, नवरी, बियर आणि रात्री उशिरापर्यंत एकामागून एक बँड. त्यांत प्लास्टिक पीपल होते आणि पावेल झायीचेकचा ‘डीजी ३०७’ही होता. हे नाव म्हणजे मानसिक आजाराच्या एका निदानाचा क्रमांक, सक्तीच्या सैन्यभरतीतून सुटायला अनेक तरुणांच्या कागदावर असलेला. पियानो, पाइप, साखळ्या, हाती लागेल ते बडवत झायीचेक कविता म्हणायचा.

आणि स्वातोप्लुक कारासेक होता, गिटारवर भक्तिगीतं गाणारा प्रोटेस्टंट धर्मोपदेशक. त्याची कहाणी मला या प्रकरणातली सगळ्यात बोलकी वाटते. त्या देशात चर्चमध्ये प्रवचन द्यायलाही सरकारी संमतीपत्र लागे. कारासेकचं ते पत्र काढून घेतलं गेलं होतं. म्हणजे हा माणूस परवान्याविना उपदेश करू शकत नव्हता आणि परवान्याविना गाऊही शकत नव्हता. मधल्या काळात तो होउस्का नावाच्या जुन्या किल्ल्याची देखरेख करत होता, आणि त्याच किल्ल्यात प्लास्टिक पीपलचं पहिलं मोठं रेकॉर्डिंग झालं.

त्या रेकॉर्डिंगमधले बरेच शब्द एगॉन बाँडी या टोपणनावानं लिहिणाऱ्या कवीचे. पुढे १९७८मध्ये ते फ्रान्समध्ये तबकडीवर निघालं तेव्हा शीर्षकात बीटल्सच्या गाजलेल्या नावाची मस्करी होती: शेवटच्या ‘बँड’ऐवजी इंग्रजीतला ‘बंदी घातलेला’ या अर्थाचा, उच्चाराला तसाच शब्द. देवनागरीत हा श्लेष फुकट मिळतो, दोन्ही ‘बँड’च. या बाँडीबद्दल १९८९मध्ये राजवट पडल्यानंतर एक गोष्ट बाहेर आली: तो वेळोवेळी गुप्त पोलिसांना माहिती पुरवत होता. बँडला शब्द देणारा आणि पोलिसांना खबर देणारा एकच माणूस. मी या गोष्टीचा निवाडा करत नाही. फक्त एवढंच, की ‘हे आत, ते बाहेर’ अशी सोपी रेघ या प्रकरणात कुठेच ओढता येत नाही.

कलम २०२

लग्नाला महिना व्हायच्या आत, १७ मार्च १९७६ला, पोलिसांनी धरपकड सुरू केली. बँडवाले, गायक, कार्यक्रम जमवणारे असे वीसच्या आसपास लोक आत गेले, शंभराहून जास्त जणांच्या जबान्या झाल्या. घरांतून टेपा, फिल्म, हस्तलिखितं, फोटो उचलले. घरी बनवलेली वाद्यंही नेली.

आणि मग सरकारपुढे तो प्रश्न आला जो सहा वर्षं टाळला होता. गुन्हा कोणता?

राजद्रोह म्हणावा तर गाण्यांत राजकारण नाही, आणि म्हटलं तर जगाच्या नजरेत ते राजकीय कैदी ठरतात. नेमक्या त्याच काळात हे परवडणारं नव्हतं. १ ऑगस्ट १९७५ला हेलसिंकीत चेकोस्लोव्हाकियानं मानवी हक्कांचा उल्लेख असलेल्या करारावर सही केली होती. शिवाय नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार तिथे २३ मार्च १९७६ला अमलात यायचा होता. पोरांना उचललं १७ मार्चला. सहा दिवसांचा फरक. हा योगायोग असेल. पण वर्षभरात काही लोकांनी हीच तारीख कागदावर घेतली, ते पुढे येईलच.

तेव्हा ठरलं ते असं: हे राजकीय प्रकरणच नाही. ही गुंड, बेवडी, शिवराळ पोरं आहेत. फौजदारी कायद्याचं कलम २०२ लावा, ‘व्हीत्रझ्नित्स्त्वी’, मराठीत सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा किंवा असभ्य वर्तन. दारू पिऊन चौकात आरडाओरडा करणाऱ्याला लागतं ते कलम.

हे हुशारीचं वाटतं. पण कलम नीट वाचलं तर गोची लक्षात येते. धिंगाणा सार्वजनिक असला पाहिजे, किंवा लोकांना जाता येईल अशा जागी झाला पाहिजे. जे सरकार सहा वर्षं या बँडला जाहीर वाजवू देत नव्हतं, त्याला आता सिद्ध करायचं होतं की त्यांनी जाहीरच वाजवलं. परवाना नाही म्हणून बंद दाराआड गेलेल्यांचं ते दार उघडं होतं हे दाखवायचं होतं. आमंत्रण देऊन बोलावलेलं लग्न सार्वजनिक कसं? आपल्याकडच्या तालुक्याच्या वकिलानंही हा मुद्दा धरून ठेवला असता. पण असल्या खटल्यांत निकाल मुद्द्यांची वाट बघत नाही.

आधी जुलैमध्ये प्लझेनला तिघांवर खटला झाला. डिसेंबर १९७५मध्ये प्शेश्तित्से गावात गाण्यांची एक संध्याकाळ भरवली, हा त्यांचा अपराध. तिघांनाही तुरुंग, अपिलात शिक्षा कमी झाल्या, रद्द झाल्या नाहीत. मुख्य खटला २१ ते २३ सप्टेंबर १९७६, प्रागच्या माला स्त्राना भागात, कार्मेलित्स्का रस्त्यावरच्या न्यायालयात. आरोपी चार: यिरोउस, झायीचेक, कारासेक आणि प्लास्टिक पीपलचा सॅक्सोफोनवादक व्रातिस्लाव ब्राबेनेत्स. ह्लावसासह बाकीचे तोवर सुटले होते.

आरोपपत्रात गाण्यांबद्दल जे लिहिलं होतं त्यात पराकोटीचा असभ्यपणा, समाजवादविरोधी आणि समाजविघातक परिणाम, शून्यवाद, अवनती आणि ‘क्लेरिकॅलिझम’, म्हणजे पुरोहितशाही, अशी यादी येते. शेवटचा शब्द कारासेकसाठी. शून्यवादी आणि भाविक, दोन्ही एकाच दमात. न्यायालयात मग शब्दांचा काथ्याकूट झाला. कुठल्या ओळीत कुठली शिवी, ती किती वेळा आली, कवितेत असा शब्द येऊ शकतो की नाही. काळ्या झग्यातली माणसं गंभीर चेहऱ्यानं शिव्या मोजत आहेत, हे दृश्य कुठल्याही प्रहसनकाराला पुरलं असतं.

शिक्षा: यिरोउस १८ महिने, झायीचेक १२, कारासेक आणि ब्राबेनेत्स प्रत्येकी ८.

जिन्यावरचे लोक

नाटककार वाच्लाव हावेल यांची स्वतःची नाटकं तेव्हा देशात होत नव्हती. १९७६च्या सुरुवातीला ते पहिल्यांदा यिरोउसला भेटले. त्यानं एका खरखरणाऱ्या टेपरेकॉर्डरवर ही गाणी ऐकवली. हावेल यांना त्यांत काहीतरी अस्वस्थ करणारं आणि खरं सापडलं. बोलणं रात्रभर चाललं. लवकरच होणाऱ्या एका कार्यक्रमाचं आमंत्रण घेऊन ते निघाले. तो कार्यक्रम व्हायच्या आत अटका झाल्या.

हावेल यांना जे कळलं ते सरकारला कळलं नाही. आधीच्या खटल्यांतले आरोपी राजकारणात उतरलेले, पक्षातून काढलेले, आपण काय पत्करलंय हे जाणणारे होते. या पोरांचा कुठल्याही सत्तेवर दावाच नव्हता. यांना आत टाकता येतं, तर स्वतःच्या मनासारखं लिहिणाऱ्या, शिकवणाऱ्या, प्रार्थना करणाऱ्या कोणालाही टाकता येतं. ‘हे राजकीय नाही’ असं म्हणायला सरकारनं कलम २०२ निवडलं, आणि त्यामुळेच ते सगळ्यांचं प्रकरण झालं. राजद्रोहाचा खटला भरला असता तर प्रागमधली पांढरपेशी माणसं हळहळली असती आणि घरी बसली असती. असं माझं मत.

ऑगस्टमध्ये जर्मन नोबेलविजेते लेखक हाइनरिश ब्यॉल यांच्या नावे एक खुलं पत्र गेलं. सह्या करणाऱ्यांत हावेल होते, कवी यारोस्लाव सायफर्ट होते, ज्यांना पुढे १९८४चं नोबेल मिळालं, आणि तत्त्वज्ञ यान पातोच्का होते. पातोच्का तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे, जर्मन तत्त्वज्ञ हुसेर्लचे विद्यार्थी. त्यांना सॅक्सोफोनचा तो चीत्कार आवडला असेल असं मला अजिबात वाटत नाही. खरं सांगायचं तर मलाही तो पहिल्यांदा ऐकवला नव्हता. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कान सरावले. या प्रकरणातली मौज तीच आहे. आवड न जुळणारी माणसं एका जिन्यावर आली.

तो जिना खरोखरचा होता. सुनावणीची खोली छोटी, म्हणून बाकीचे न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि जिन्यात थांबले. मळक्या जाकिटांतले लांब केसवाले, निवृत्त प्राध्यापक, पक्षातून हाकललेले जुने कम्युनिस्ट, पाद्री. आरोपींना हातकड्या घालून जिन्यावरून नेत तेवढ्यात काय ती नजरभेट. एरवी एकमेकांना पाहून रस्ता ओलांडला असता अशी ही मंडळी तीन दिवस एकत्र उभी होती. खटल्यावर हावेल यांनी नंतर एक लेख लिहिला. त्याच्या शेवटी ते सांगतात की माला स्त्रानातच त्यांना एक नावाजलेला चित्रपट दिग्दर्शक भेटला. काय चाललंय, त्यानं विचारलं. खटल्याहून येतोय, अंडरग्राउंडवाल्यांच्या, म्हणजे या परवान्याबाहेरच्या गाणाऱ्यांच्या. ते अमली पदार्थांचं प्रकरण का, असं त्यानं विचारलं. हावेल यांनी थोडक्यात खरी हकिकत सांगितली. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, “आणि बाकी काय चाललंय?”

जिन्यावरच्या लोकांतून जे उभं राहिलं त्याला १ जानेवारी १९७७ची तारीख आणि ‘चार्टर ७७’ हे नाव मिळालं: सरकारनं स्वतः मान्य केलेले हक्क पाळावेत असं सांगणारं जाहीर निवेदन. पहिल्या सह्या २४२. प्रवक्ते हावेल, पातोच्का आणि माजी परराष्ट्रमंत्री यिर्शी हायेक. मजकुराची सुरुवातच त्या करारापासून होते, जो २३ मार्च १९७६ला देशात अमलात आला. सरकारनं स्वतःच्या राजपत्रात छापलेला कागद सरकारपुढे धरला. आजवर कागद मागायचं काम दुसऱ्या बाजूचं होतं.

उत्तर आलं तेही कागदावर. २८ जानेवारीला प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात कलावंतांना बोलावून चार्टरविरोधी निवेदनावर सह्या घेतल्या गेल्या. मूळ चार्टर बहुतेकांना वाचायलाही मिळालेला नव्हता. सुगम संगीतवाल्यांसाठी आठवड्यानं वेगळी सभा झाली, तिथे देशाचा सर्वांत लाडका गायक कारेल गोट बोलला. हे सांगताना एक भान ठेवायला हवं. ‘रॉकनं साम्यवाद पाडला’ असं लिहिणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात तेव्हाच्या चेक घरांतून गोटचीच गाणी वाजत होती. प्लास्टिक पीपल हे नाव बहुतेकांना कळलं ते सरकारनं त्यांची बदनामी करायला टीव्हीवर दाखवलेल्या कार्यक्रमांतून.

पातोच्का यांच्या चौकश्यांवर चौकश्या झाल्या. प्रकृती ढासळली आणि १३ मार्च १९७७ला ते गेले. अंत्यविधी ब्र्येवनोव्हच्या दफनभूमीत झाला, ह्लावसाच्या मोहल्ल्यात. पाद्री बोलू लागले तेव्हा डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं आणि शेजारच्या मैदानात मोटारसायकलींची इंजिनं मुद्दाम फुल करून ठेवली होती. जमलेल्यांना एक शब्द ऐकू येऊ नये म्हणून. वर्षापूर्वी याच सरकारनं गोंगाट केला म्हणून माणसं आत टाकली होती.

पुढे

सुटून आल्यावर बँडनं वाजवणं सोडलं नाही. १ ऑक्टोबर १९७७ला हावेल यांच्या ह्रादेचेकच्या घरी तिसरा महोत्सव झाला. १९७८मध्ये तिथेच येशूच्या यातनांवरचं एक मोठं संगीत-काव्य ध्वनिमुद्रित झालं. शब्द ब्राबेनेत्सचे. मग सरकारनंही पद्धत बदलली. खटले नकोत, माणसं कमी करा. बँडमध्ये पूर्वी गाणारा कॅनडाचा पॉल विल्सन १९७७मध्येच देशाबाहेर काढला गेला. ज्या घरात वाजवलं ते घर पेटल्याचंही घडलं. ब्राबेनेत्सला चौकश्यांनी इतकं छळलं की १९८२मध्ये तो कुटुंबासह कॅनडाला निघून गेला. यिरोउस आत-बाहेर करत राहिला. सगळ्या शिक्षा मिळून त्याची साडेआठ वर्षांच्या आसपास तुरुंगात गेली. बँड मात्र, कधी दोन-तीन वर्षांत एकदाच जमून का होईना, टिकून होता.

तो फुटला १९८८मध्ये. गोर्बाचोव्हचे दिवस होते, हवा सैलावली होती. अधिकाऱ्यांकडून सूचना आली: वाजवा, जाहीर वाजवा, हरकत नाही, फक्त त्या नावानं नको. नुसती ‘पीपीयू’ ही आद्याक्षरं चालतील का, यावर खल झाला. काहींना वाटलं की वीस वर्षं तळघरांत वाजवून झालं, आता अक्षरांवरून कशाला अडायचं. बाकीच्यांना वाटलं की अडायचं असेल तर याच्यावरूनच. तोडगा निघाला नाही. ह्लावसा, यानीचेक आणि काबेश बाहेर पडले आणि त्यांनी नवा बँड काढला, ‘पूलनोत्स’, म्हणजे मध्यरात्र. जुनी गाणी, नवं नाव. १९८९च्या वसंतात, प्रागमधली राजवट अजून जागच्या जागी असताना, पूलनोत्सची मंडळी रीतसर पासपोर्ट घेऊन अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली.